पेटीतलं रडणं

१० फेब्रुवारी, मंगळवार

परवाच्या नोंदीत मी लिहिलं की मी पाच वर्षांची असताना पेटीचं दार अडकलं आणि डॅडनी मला बाहेर काढलं. यातला 'अडकलं' हा शब्द चुकीचा आहे. आज ते दार मी पुन्हा नीट पाहिलं. ते अडकू शकत नाही. त्याला आतून कडी नाही, मूठ नाही, काहीच नाही. बाहेर एक लोखंडी दांडा आहे, तो कोणी हाताने खाली ओढला तरच दार बसतं. म्हणजे ते कोणीतरी लावलं. डॅडना विचारलं. ते म्हणाले, तुझी आई भांबावलेली बाई होती, न बघता ओढलं असेल. तेव्हा दुरुस्ती अशी: दार आईने चुकून लावलं आणि डॅडनी उघडलं.

पेटी म्हणजे आमच्या बरबँकच्या घरामागे, गॅरेजमध्ये डॅडनी बांधलेली आवाजबंद खोली. डॅड चाळीस वर्षं चित्रपटांसाठी आवाज करताहेत. पावलं, दारं, हाडं मोडणं, पाऊस. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. शाळेत मी फार उशिरा गेले, त्याआधी शाळा घरीच होती आणि शिक्षक डॅडच. जेवायला बसलो की ते आम्हा दोघी बहिणींना डोळे मिटायला सांगायचे आणि एकेक आवाज ऐकवायचे. हा कोरडा पाव की वाळकं पान? हा फ्रिज की लांबचं विमान? ओळखलं की ताट पुढे सरकायचं. कॅरिन फार चुकायची आणि रडायची, मी क्वचितच चुकले. आज माझा जो काही कान आहे तो त्या टेबलावर तयार झाला, हे इथे लिहून ठेवायला हवं. परवाची नोंद वाचून कोणाला डॅडविषयी गैरसमज होऊ नये.

१३ फेब्रुवारी

पहिल्यांदाच एक काम माझ्या एकटीच्या नावावर होतंय. ओक्लाहोमातल्या धुळीच्या वादळांच्या काळावरची एक ध्वनिमालिका आहे, तिचा तिसरा भाग. त्यात एकही शब्द नाही. धुळीचं वादळ येतं. घाबरलेली पोर घराखालच्या तळघरात शिरते आणि वाऱ्याने वरचं फळीचं झाकण पडून बंद होतं. आई वर अंगणात तिला शोधतेय, पण वाऱ्यात तिला काही ऐकू येत नाही. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही ऐकू येतं. बस, एवढंच. गोष्ट नुसत्या आवाजांनी सांगायची.

आज धूळ केली. वारा म्हणजे धूळ नव्हे, यावर डॅडनी मला लहानपणीच टपली मारलेली आहे. धूळ कशावर तरी आपटते तेव्हाच ती ऐकू येते. म्हणून पत्र्यावर बारीक मीठ, कागदी पिशवीवर मक्याची भरड आणि काचेवर साखर असे तीन थर घेतले. त्याखाली काटेरी तारेतून जाणारा वारा ठेवला. फळ्यांची कुरकुर जुन्या खोगिराची आहे. खुराड्यातल्या कोंबड्यांवरून मी दुपारभर काळजी करत बसले. इतक्या वादळात कोंबड्या ओरडतील की गप्प बसतील? शेवटी ओक्लाहोमातल्या, कोंबड्या पाळणाऱ्या एका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, गप्प बसतील. सगळ्या कोंबड्या काढून टाकल्या.

स्वयंपाकघरात धूर झाला की वाजणारी घंटी आहे, तिची बॅटरी संपत आलीय. ती मधूनमधून बारीक चीं करते आणि माझं डोकं उठतं. डॅड तिच्याखाली बसून शांतपणे पेपर वाचत होते. मी म्हटलं, ऐकलंत का? ते म्हणाले, कसली चीं? आवाज नको असेल तर तो बंद करून टाकण्याची अशी ताकद मला कधी येणार कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

बेकर्सफील्डहून कॅरिनचा फोन आला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या मनगटाची शस्त्रक्रिया आहे आणि तिच्या मुलीला, नेलला, ठेवायला दुसरं कोणी नाही. नेलचा बाप कधीचाच निघून गेलाय. शुक्रवार ते रविवार नेल आमच्याकडे येईल. चार वर्षं कॅरिन या घरात आलेली नाही, त्यामुळे मला फार बरं वाटलं.

फोन ठेवताना ती म्हणाली, "थी, एक शब्द दे. तिला डॅडजवळ एकटी ठेवायची नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही."

मी शब्द दिला. डॅड कामात असले की जेवणखाण विसरतात, हे तिला ठाऊक आहे.

१८ फेब्रुवारी

वाईट दिवस. मालिकेची निर्माती बेटिना क्रूझ सगळे आवाज एकत्र लावलेला पहिला जोड ऐकून गेली. धूळ तिला इतकी खरी वाटली की तिने प्यायला पाणी मागून घेतलं. पण तळघरातल्या पोरीचं रडणं आलं आणि तिने हात वर केला. म्हणाली, हे रडणं मी ओळखते. युद्धाच्या त्या मालिकेत हेच होतं, विम्याच्या जाहिरातीतही हेच होतं. माझा नवरासुद्धा ओळखतो, टीव्हीवर आलं की म्हणतो, आली बघ आपली रडकी.

ती रडकी मी आहे, हे मी तिला सांगितलं नाही. ते पेटीतलं रडणं आहे. दार बंद झालं त्या दिवशी आत यंत्र चालू राहिलं होतं, म्हणून ते टिपलं गेलं. डॅडच्या संग्रहातला सगळ्यात जास्त मागणी असलेला आवाज तोच. मी एकदा थिएटरात बसून ते ऐकलंय, पडद्यावर दुसरंच मूल होतं. शेजारच्या बाईने डोळे पुसले. मला अभिमान वाटला आणि तिथून उठून जावंसंही वाटलं. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिते.

बेटिना गेल्यावर डॅडनी तो तुकडा पुन्हा लावून ऐकला. मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. झिजलं ते. नवीन लागेल."

२० फेब्रुवारी

डॅडना नेलविषयी सुचलं. मीच बोलता बोलता सांगितलं होतं की ती येतेय.

"पाच वर्षांची ना? नेमकं वय आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, नेलला रडायचं नाटक करायला सांगायचं. मी म्हटलं, तिला गंमत वाटेल, आइस्क्रीम देऊ. डॅडनी नकारार्थी मान हलवली.

"चिचुंद्री, नाटकाचं रडणं जाहिरातीत चालतं. तिला माहीत नसायला हवं."

मी म्हटलं, म्हणजे पेटीत? ते म्हणाले, स्पष्ट बोल, पुटपुटू नकोस. मी पुन्हा विचारलं. ते हसले. "तुला काय झालं? खाल्लं का पेटीने तुला? त्याच रडण्यावर तुझे दात सरळ करून आणले मी."

हे खरंच आहे. तार लावून माझे दात सरळ झाले, आणि ते पैसे त्या वर्षी त्याच आवाजाचे आले होते. पण संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

आणखी एक: डॅड हल्ली मला रोज पुटपुटू नकोस म्हणतात. बोलण्याकडे लक्ष द्यायला हवं. शब्दाचा शेवट मी गिळते बहुतेक.

२४ फेब्रुवारी

ठरवलं की मुलाशिवायच मूल करायचं. आवाज जोडून माणूस होतो, आमचा धंदाच तो आहे. सिल्मारजवळ एका बाईंकडे बकऱ्या आहेत. तिथे जाऊन आईपासून थोडा वेळ दूर ठेवलेलं करडू टिपलं. बाई म्हणाल्या, फार वेळ नको हं, जीव आहे तो. मी लगेच थांबले आणि घरी येईपर्यंत त्या करडाविषयी वाईट वाटत राहिलं. मग ओलं बूच काचेवर घासलं, त्यातून वरची किंचाळी मिळाली. हुंदके माझेच आहेत, वेग वाढवून पातळ केले. श्वासाला अडकण हवी होती, ती जुन्या उशीचं तोंड दाबत सोडत मिळाली. असे चार थर झाले. जिथे करडू बकरी वाटतं तिथे हुंदका वर आणला, जिथे हुंदका बाईचा वाटतो तिथे बूच.

पहाटेपर्यंत जागावं लागेल वाटलं होतं, पण जेवणाआधीच जमलं. जमलं तेव्हा कळलं, कारण मला उठून दार उघडावंसं वाटलं.

२७ फेब्रुवारी

बेटिनाने ऐकलं. तिच्या हातावर काटा आलेला तिने मला दाखवला. "कुणाचं मूल आहे हे? आणि त्याला काय केलंत?" असं ती म्हणाली. मी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं: करडू, बूच, उशी, मी. ती इतकी हसली की खुर्ची मागे सरकली. म्हणाली, मग झालं की. हेच ठेव. याहून चांगलं मला नको.

गाडीत बसून मी थोडी रडले. आनंदाने.

२८ फेब्रुवारी

डॅडनी ऐकलं आणि म्हणाले, मेलंय.

मी म्हटलं, बेटिना म्हणते की हेच ठेवा. ते म्हणाले, बेटिनाला काय कळतंय? चालेल म्हणणाऱ्यांसाठी आपण काम करत नाही. मग त्यांनी आवाज इतका वाढवला की माझे कान बधिर झाले आणि खिडकीची काच थरथरली. डोळे मिटून ते ऐकत होते. म्हणाले, "नुसती घरघर आहे. वरचं काही नाही यात. पोर रडते तेव्हा वरून सुई टोचल्यासारखी लागते. कुठे आहे सुई?"

मी संगणकाच्या पडद्यावर आवाजाची आकृती पाहिली. वरचे सगळे स्वर तिथे आहेत, ठळक आहेत. मला तर ते टोचतच होते. मी बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, आकृती बघून ऐकतेस तू, हेच शिकवलं का मी तुला?

ते बरोबर आहेत. आकृती म्हणजे कान नव्हे. चाळीस वर्षांत त्यांचा कान चुकलेला मी पाहिलेला नाही. मी सगळं पुन्हा केलं. पुन्हा मेलंय म्हणाले.

३ मार्च

मला वाटलं, जुनंच रडणं मूळ टेपवरून पुन्हा घेतलं आणि कधी न वापरलेला तुकडा काढला तर कोणी ओळखणार नाही आणि नेलचा प्रश्नच मिटेल. संग्रहात फक्त कापलेला तुकडा आहे. मूळ टेप गॅरेजच्या माळ्यावर मिळाली.

आमच्यात रिवाज आहे. आवाज टिपणारा आधी स्वतःच्या तोंडाने सांगतो, काय, कुठे, कितवी वेळ. संग्रहात टाकताना ते बोलणं कापून टाकतात. मूळ टेपवर ते असतं.

टेपवर डॅडचा तरुण आवाज आहे. "मूल, मुलगी, पाच वर्षं. पेटीत. तिसरी वेळ." मग दांडा ओढल्याचा आवाज. दांड्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. मग मी. थोड्या वेळाने बाहेरून कोणीतरी दारावर मुठी आपटतं आणि आईचा आवाज येतो. "ड्वाइट, सोड तो दांडा. ड्वाइट, पुरे कर." मग दार उघडून डॅड शांतपणे म्हणतात, "तिसरी वेळ वाया." आणि मग, "चौथी वेळ."

संग्रहात आहे ती चौथी.

तेव्हा आणखी एक दुरुस्ती करावी लागेल: दार आईने लावलं नव्हतं. डॅड खोटं बोलले असं मी लिहिणार नाही, इतक्या वर्षांत माणूस विसरतो. पण आई बाहेर होती आणि तिच्या आवाजाने तिसरी वेळ फुकट गेली, म्हणून चौथी घ्यावी लागली, एवढं टेपवरून नक्की सांगता येतं. त्याच उन्हाळ्यात ती घर सोडून गेली. तिला हे काम कधी आवडलंच नाही, असं डॅड म्हणतात.

चौथ्या वेळेच्या शेवटी एक भाग आहे, तो मी विसरले होते. रडणं थांबतं. मग मी बोलायला लागते. "डॅड, फ्रिज? डॅड, पाऊस आहे का? पानं? वारा?" मला वाटत होतं की आवाज ओळखायचा खेळ चाललाय आणि बरोबर ओळखला की दार उघडेल. पण पेटीत कसलाच आवाज नसतो. मी एकेक नाव घेत राहते. माहीत असलेली नावं संपल्यावर पहिल्यापासून सुरू करते. मग टेप संपते.

संग्रहात हे बोलणं नाही. रास्तच आहे, रडण्यात शब्द आले तर तो तुकडा कोणालाच वापरता येत नाही.

५ मार्च

मूळ टेप डॅडना ऐकवली. मला वाटलं होतं ते ओशाळतील, नाहीतर रागावतील. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"यातही नाही," ते म्हणाले. "सुई नाही. सुकली टेप. जुन्या टेपचं वरचंच आधी जातं."

मी म्हटलं, मला ऐकू येतंय, डॅड. ते म्हणाले, तुला ऐकू येत नाही, तुला आठवतंय.

यावर मी दिवसभर विचार केला. जुन्या टेपचं वरचं जातं, हे खरं आहे. आणि तो आवाज माझाच असल्यामुळे मी तटस्थ नाही, हेही खरं. ज्याच्या पायात काटा आहे त्याने काटा किती लांब होता हे सांगू नये.

मी डॅडना म्हटलं, निदान पेटीला आतून मूठ बसवूया. ते म्हणाले, मूठ खडखडते, म्हणूनच काढली होती. तरी मी दुकानातून एक पितळी मूठ आणली. माझ्या टेबलाच्या खणात आहे.

९ मार्च

कॅरिनला फोन केला. सांगायचं ठरवून केला होता. तिने उचलल्याबरोबर विचारलं, "सगळं ठीक ना? शब्द लक्षात आहे ना?" मागे नेल गात होती. शस्त्रक्रियेची तारीख मधे महिनाभर पुढे ढकलली होती, मग तीच परत मिळाली. ती इतकी दमलेली वाटली की मी म्हटलं, लक्षात आहे, तू काळजी करू नकोस. मग नेलने फोन घेतला आणि विचारलं, थी मावशी, तुझ्याकडे वाघाचा आवाज आहे का? मी सांगितलं, आहे, तो खरं तर पिंपात तोंड घालून मी काढलाय. ती खिदळत सुटली. तिच्या हसण्याला वरून काय धार आहे. नकळत मी कागदावर तसं लिहूनही ठेवलं.

फोन ठेवल्यावर डॅड दारात उभे होते. म्हणाले, हे बघ, तुला जमत नसेल तर मी करतो. तू शनिवारी बेटिनाकडे जाऊन बस. दोन तास कुठेतरी जा.

तेव्हा मला कळलं की काहीही झालं तरी मी घर सोडायचं नाही.

१२ मार्च, गुरुवार

उद्या संध्याकाळी नेल येईल. सगळं लिहून काढते म्हणजे डोकं शांत होईल.

डॅडनी करायचं ठरवलंच आहे, तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की कोणी करायचं. त्यांनी केलं तर चार वेळा होईल. मी केलं तर एकदाच होईल, मी तयारीच इतकी चोख ठेवणार आहे. पेटीत हवा येण्याची भोकं तपासली, उघडी आहेत. कोपऱ्यातलं टोकदार स्टँड काढलं. गादी ठेवणार होते, पण गादी आवाज पिते, म्हणून घडी घातलेली चादर ठेवली. दिवा बंद ठेवावा लागेल, तो गुणगुणतो. मायक्रोफोन कोणत्या उंचीवर लावायचा ते गुडघ्यांवर बसून ठरवलं. तिथे बसले असताना मला फ्रिज ऐकू आल्यासारखं वाटलं. पेटीत फ्रिज ऐकू येत नाही.

शनिवार यासाठी की बाकीच्या दिवशी गल्लीत पानं उडवणारी यंत्रं घेऊन माळी येतात. शनिवारी येत नाहीत. न्याहारीला पॅनकेक करीन, पोट भरलेलं असेल. खेळ आहे असं सांगणार नाही, नाहीतर ती नावं घ्यायला लागेल आणि ते मला ऐकवणार नाही. काहीच न सांगता करीन. नंतर लगेच उचलून घेईन आणि वाघाचा आवाज काढून दाखवीन.

संध्याकाळी डॅडना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी कधी ठेवला होता ते आठवत नाही. म्हणाले, "आता तू कामाला लागलीस." मग म्हणाले, यंत्रात मोठं मेमरी कार्ड घाल, जागा भरपूर हवी, सुई सापडेपर्यंत थांबायचं नाही. मी म्हटलं, एकदाच, डॅड. त्यांना ते ऐकू गेलं नसावं. स्पष्ट बोलायला शिकायला हवं.

धुराच्या घंटीची बॅटरी आज बदलली; पेटीत ती चीं जात नाही, तरी धोका नको.

पितळी मूठ रविवारी बसवीन.

तर शनिवार, १४ मार्च, न्याहारीनंतर. दार मीच लावणार आहे. कॅरिनला दिलेला शब्दही त्यामुळे मोडत नाही: नेल डॅडजवळ पाच मिनिटंसुद्धा एकटी असणार नाही.